आवळ्याच्या झाडाखालचं बंदर

दोस्तांनो, जगाचा नकाशा काढा पाहू. घरात नसेल तर भूगोलाच्या पुस्तकातला चालेल. बंगालच्या उपसागरातून बोट खाली सरकवत अंदमान-निकोबारपाशी आणा आणि तिथून आग्नेयेकडे न्या. डाव्या हाताला मलायाचं लांबट द्वीपकल्प लागेल, उजव्या हाताला सुमात्रा बेट. या दोघांच्या मधे समुद्राची जी चिंचोळी पट्टी दिसते, ती मलाक्काची सामुद्रधुनी. ‘जोड्या लावा’मध्ये ती तुम्हाला कधी ना कधी भेटलेली असणार! पण या सामुद्रधुनीला जिचं नाव मिळालं ती मलाक्का आहे तरी कशी, हे पुस्तकात कुणी सांगत नाही. ते आज आपण बघू या.

मलाक्का (तिथले लोक म्हणतात मेलाका) हे मलेशियाच्या तेरा राज्यांपैकी एक. राज्य म्हटलं तरी केवढं? सुमारे १,७०० चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या गोव्याच्या निम्म्यापेक्षाही लहान! लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास. राजधानी क्वालालंपूरहून बसने निघालात तर साधारण दोन तासांत पोचाल. आणि एवढ्याशा जागेसाठी पोर्तुगीज लढले, डच लढले, इंग्रजांनी ती पदरात पाडून घेतली, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनीही तिच्यावर तीन-साडेतीन वर्षं राज्य केलं. असं होतं तरी काय तिथे? सोन्याची खाण? हिऱ्यांची? छे! तिथे होता फक्त वारा.

वाऱ्याची गोष्ट येईलच. आधी झाडाची ऐका.

सुमारे १४०० सालची ही हकिगत. सुमात्रातल्या पालेंबांग इथला एक राजपुत्र परागंदा झाला होता. त्याचं नाव परमेश्वर. हो, परमेश्वरच! त्या काळी तिकडच्या राजांची नावं बरीचशी संस्कृत असत. हा परमेश्वर आधी तुमासिकला, म्हणजे आजच्या सिंगापूरला गेला. तिथे त्याने सत्ता बळकावली, पण शत्रू चालून आल्यावर तिथूनही पळ काढावा लागला. किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकत तो एका नदीच्या मुखाशी आला. शिकार करता करता दमला आणि एका झाडाखाली टेकला. तेवढ्यात त्याच्या कुत्र्याने झुडपातून एक पिसोरी हुसकावली. पिसोरी ठाऊक आहे ना? सशाएवढं इवलंसं हरीण, आपल्याकडच्या जंगलांतही असतं. कुत्रा अंगावर धावून गेला आणि अहो आश्चर्यम्! पिसोरीने वळून अशी लाथ हाणली की कुत्रा थेट नदीत! राजा खूश झाला. म्हणाला, जिथली पिसोरीसुद्धा इतकी शूर, तिथेच आपण नगर वसवायचं. मग त्याने विचारलं, हे झाड कसलं? लोक म्हणाले, मेलाका. झालं, नगराचं नाव ठरलं.

आता गंमत ऐका. मलय भाषेत मेलाका म्हणजे आवळ्याचं झाड! आपल्या संस्कृतमधल्या ‘आमलक’ शब्दावरूनच ते नाव आलं असं पुष्कळजण मानतात. म्हणजे जिचं नाव आपण परीक्षेच्या आदल्या रात्री घोकत बसतो, ती मलाक्का म्हणजे साधी आवळी!

विजयनगर आणि अहमदाबाद या शहरांच्या स्थापनेची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, तर ती अशीच आहे. तिथे पिसोरीच्या जागी ससा आहे, एवढाच फरक. तेव्हा ही गोष्ट म्हणूनच ऐकायची. राजाचा हा इतिहास मलय लोकांच्या जुन्या बखरीत लिहिलेला आहे आणि बखर म्हटली की थोडं मीठमसाला आलंच. पण पिसोरीने लाथ मारली असो वा नसो, जागा मात्र अचूक हेरली होती.

कशी ते सांगतो. तेव्हा जहाजं शिडांची. वारा नेईल तिकडे जायचं. आपल्याकडे जून महिन्यात पाऊस घेऊन येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा हिंदुस्थानातल्या जहाजांना पूर्वेकडे ढकलायचा. थंडीत वारा उलटा फिरायचा, तेव्हा चीनची जहाजं खाली यायची. दोन्हींची गाठ कुठे पडणार? बरोबर, मलाक्काच्या चिंचोळ्या पट्टीत! आणि परत जायचं तर वारा बदलेपर्यंत थांबणं आलं. एकदोन दिवस नव्हे, काही महिने. एवढे दिवस माल ठेवायला वखार हवी, राहायला घर हवं, जेवायला खाणावळ हवी, भांडण झालं तर न्याय करणारा कुणी हवा. मलाक्काने हे सगळं दिलं. थोडक्यात, सगळ्या आशिया खंडाचं एस.टी. स्टँडच म्हणा ना!

आणि तिथल्या सुलतानांनी (परमेश्वराच्या घराण्याने पुढे इस्लाम स्वीकारला) एक मोठी शहाणपणाची युक्ती काढली. परदेशी व्यापाऱ्यांसाठी त्यांनी एक सोडून चार अधिकारी नेमले. त्यांना म्हणायचे शाहबंदर. एक फक्त गुजराती व्यापाऱ्यांचा. दुसरा बंगाली, तेलंगी-तमिळ आणि ब्रह्मदेशी लोकांचा. तिसरा जावा आणि आसपासच्या बेटांचा. चौथा चिनी लोकांचा. जहाज धक्क्याला लागलं की आपला शाहबंदर गाठायचा. तो तुमची भाषा समजणार, वखार देणार, हत्ती देणार, मालाची किंमत ठरवायला मदत करणार. परक्या गावात कुणी आपल्या भाषेत ‘या, बसा’ म्हटलं की किती हायसं वाटतं, ते नव्या शाळेत पहिल्या दिवशी गेलेल्यांना विचारा!

टोमे पिरिश नावाचा एक पोर्तुगीज औषधविक्या १५१२ साली मलाक्काला गेला आणि दोन-अडीच वर्षं राहिला. त्याने लिहून ठेवलंय की या बंदरात ८४ भाषा कानावर पडतात. चौऱ्याऐंशी! कुठकुठले लोक इथे येतात त्याची लांबलचक यादीही त्याने दिली आहे. त्या यादीत कैरो आहे, मक्का आहे, एडन आहे. आणि जरा पुढे गेलं की चौल, दाभोळ, गोवे आणि दख्खनचे लोक आहेत! आपल्या रायगड जिल्ह्यातलं चौल आणि रत्नागिरीतलं दाभोळ. आज चौलला नारळी-पोफळीच्या बागा आणि दाभोळच्या खाडीत मासेमारीच्या होड्या बघताना कुणाला वाटेल, की इथली माणसं पाचशे वर्षांपूर्वी मलाक्काच्या बाजारात लवंगा-जायफळांचा भाव करत होती?

त्या बाजारात काय नव्हतं! मोलुक्का बेटांच्या लवंगा, बांदा बेटांचं जायफळ आणि जायपत्री, सुमात्राची मिरी, तिमोरचं चंदन, चीनचं रेशीम आणि चिनी मातीची भांडी. आपल्याकडून काय जायचं? कापड. खंबायतचं आणि चोळमंडलचं सुती कापड दिलं की लवंगा मिळायच्या.

या सुलतानांच्या काळातल्या वीरांच्या कथा मलय मुलांना तोंडपाठ असतात. सर्वांत लाडका वीर हांग तुआह. त्याच्यावर दरबारात खोटा आळ आला, सुलतानाने त्याला ठार करण्याचा हुकूम सोडला. शहाण्या प्रधानाने (या पदाला तिथे ‘बेंदाहारा’ म्हणत. आपला ‘भांडार’ शब्द त्यात ओळखलात का?) त्याला लपवून ठेवलं. हांग तुआहचा जिवलग मित्र हांग जेबात. निरपराध मित्राला मारलं या संतापाने त्याने राजवाड्यातच बंड केलं. त्याला आवरणार कोण? तेव्हा हांग तुआहला बाहेर काढलं गेलं आणि राजाच्या आज्ञेवरून त्याने आपल्यासाठी पेटून उठलेल्या त्या मित्राला मारलं! दोघांत बरोबर कोण, राजाशी इमान राखणारा की मित्रासाठी लढणारा? यावर तिकडे आजही वाद घालतात. तुम्हीही वर्गात घालून बघा. माझं मत विचाराल तर मी जेबातच्या बाजूचा.

सुलतानाचा लाकडी राजवाडा कसा होता याचं वर्णन त्या बखरीत आहे. त्यावरून १९८०च्या दशकात एक प्रतिकृती उभारली. लोखंडी खिळा न वापरता लाकडात लाकूड अडकवून बांधलेली ती लांबच लांब वास्तू आता संग्रहालय आहे. तिच्याच जवळ एका टेकडीच्या पायथ्याशी दगडी दरवाजा उभा आहे. तिकडे चला, कारण मलाक्काची खरी रडकथा तिथे आहे.

एक दरवाजा आणि एक मुलगा

नोव्हेंबर १५१० मध्ये अफोन्सो द आल्बुकेर्क याने गोवा जिंकला. पुढच्याच वर्षी त्याने जहाजं पूर्वेकडे वळवली आणि ऑगस्ट १५११ मध्ये मलाक्का घेतलं. म्हणजे आपला गोवा आणि मलाक्का यांच्यावर एकाच माणसाने, वर्षभराच्या आत, पोर्तुगालचं निशाण लावलं. लढाई मुख्यतः झाली ती नदीवरच्या पुलासाठी. पूल पडला की शहराचे दोन तुकडे. सुलतान महमूदशहा पळाला. त्याच्या मुलांनी पुढे जोहोर आणि पेराक इथे गाद्या स्थापन केल्या, पण मलाक्काला पुन्हा सुलतान मिळाला नाही. आजसुद्धा मलेशियातल्या नऊ राज्यांना वंशपरंपरेचे राजे आहेत, मलाक्काला मात्र राज्यपाल!

आल्बुकेर्कने लूट भरलेलं ‘फ्लोर द ला मार’ नावाचं जहाज परत न्यायला काढलं, ते सुमात्राच्या किनाऱ्याजवळ वादळात बुडालं. खजिना समुद्राच्या तळाशी गेला आणि आजपर्यंत हाती लागलेला नाही. त्या जहाजाची मोठ्ठी लाकडी प्रतिकृती नदीकाठी उभी आहे. तिच्या पोटात शिरून नौकानयनाचं संग्रहालय बघता येतं.

शहर राखायला आल्बुकेर्कने किल्ला बांधला. त्याला मशिदींचे आणि जुन्या राजांच्या थडग्यांचे दगड वापरले. किल्ल्याचं नाव ‘आ फामोसा’, म्हणजे नामांकित. पुढे तटबंदी वाढत वाढत सारी टेकडी तिच्या आत आली. हा किल्ला शंभरावर वर्षं सुलतानांच्या वारसांना आणि आचेच्या आरमाराला पुरून उरला. पण एक गोष्ट पोर्तुगीजांना जमली नाही. ती चार शाहबंदरांची युक्ती! त्यांनी कर आणि सक्ती वाढवली. मुसलमान व्यापारी उठून आचे, जोहोर, बांताम इथे निघून गेले. पुढे डचांनी वेढा घातला, शहरातली माणसं भुकेने हैराण झाली आणि जानेवारी १६४१ मध्ये किल्ला पडला. डचांनी तो दुरुस्त केला. शिल्लक दरवाजावर डच ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली नक्षी आणि १६७० हे साल तुम्हाला आजही वाचता येईल. दगड हात लावून बघा. तो जांभा आहे! कोकणातल्या घरांना, कुंपणांना असतो तोच भोकाभोकांचा तांबडा जांभा.

मग एवढ्या मोठ्या किल्ल्याचा एक दरवाजाच कसा उरला? शत्रूच्या तोफांनी नव्हे, बरं का. युरोपात फ्रान्सने हॉलंड गिळलं, तेव्हा डचांच्या वसाहती फ्रेंचांच्या हाती पडू नयेत म्हणून १७९५ साली इंग्रजांनी मलाक्का ताब्यात घेतलं. तात्पुरतं. पुढे कधीतरी ते परत द्यावं लागणार, मग भक्कम किल्ला दुसऱ्याच्या हाती का द्या? त्यापेक्षा पाडून टाका! हे काम तिथला इंग्रज अधिकारी विल्यम फार्क्वार याच्याकडे आलं. मजूर कुदळी घेऊन लागले, पण तट हटेना. किल्ल्यात भुतं आहेत म्हणून मजूर बिचकायचे ते वेगळंच. शेवटी १८०७ साली पायात भुयारं खणून सुरुंगाची दारू ठासली.

हा प्रकार बघणाऱ्यांत मलाक्काचाच एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता. अब्दुल्ला त्याचं नाव. तुमच्याच वयाचा! पुढे तो मोठा लेखक झाला, मुन्शी अब्दुल्ला म्हणून मलय साहित्यात अजरामर झाला. आपल्या आत्मचरित्रात त्याने लिहिलंय, की कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि हत्तीएवढे, काही तर घराएवढे दगड हवेत उडून समुद्रात जाऊन पडले. माणसं थक्क झाली. आपल्या गावाची शोभाच गेली, ही हळहळ त्याच्या लिहिण्यात म्हातारपणापर्यंत राहिली. ज्यांनी तो किल्ला बांधला ते परके, ज्यांनी पाडला तेही परके. पण जन्मापासून रोज त्याच्याकडे बघणारा अब्दुल्ला काही परका नव्हता ना!

सगळंच गेलं असतं, पण १८०८ साली स्टॅमफर्ड रॅफल्स हा तरुण इंग्रज अधिकारी मलाक्काला आला. हाच तो, ज्याने पुढे १८१९ साली सिंगापूर वसवलं. मलाक्का मोडून टाकणं चूक आहे, असं त्याने वरिष्ठांना कळकळीने लिहिलं. पाडकाम थांबलं. तेवढ्यात जे उरलं ते उरलं. तोच हा दरवाजा, सान्तियागो दरवाजा. आता नशिबाचा खेळ बघा. मलाक्काला वाचवणाऱ्या याच माणसाच्या सिंगापूरने मलाक्काचा उरलासुरला व्यापारही पळवला!

दरवाजातून पायऱ्या चढून टेकडीवर या. वर सेंट पॉलचं छप्पर नसलेलं चर्च आहे, १५२१ सालचं. भिंतींना टेकून पुरुषभर उंचीच्या डच थडग्यांच्या शिळा उभ्या केल्या आहेत. आत जाळी लावलेला एक रिकामा खड्डा दिसेल. जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं शव आहे हे तुम्हाला माहीत असेल, सहलीत पाहिलंही असेल. डिसेंबर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ तो वारला. त्याचं शव गोव्याला नेण्याआधी १५५३ साली काही महिने या खड्ड्यात पुरलं होतं. चर्चसमोर त्याचा पांढरा पुतळा आहे. पुतळ्याला उजवा हात नाही. पुतळा बसवल्यावर लगेचच झाड पडून तो तुटला असं सांगतात. आणि योगायोग असा, की खऱ्या शवाचा उजवा हातही १६१४ साली कापून रोमला नेलेला आहे!

लाल चौक आणि तीन देवळांची गल्ली

टेकडीच्या दुसऱ्या बाजूला उतरलं की सगळं लालेलाल. लाल कचेरी, लाल चर्च, लाल घड्याळाचा मनोरा. कचेरी १६५०च्या सुमाराची, चर्च १७५३ साली पुरं झालं. डचांनी इमारती पांढऱ्या ठेवल्या होत्या, लाल रंग नंतर इंग्रजांच्या अमदानीत लागला. चौकात सायकलरिक्षा उभ्या असतात. त्या कशा सजवलेल्या! प्लॅस्टिकची फुलं, कार्टूनची चित्रं, रंगीत दिवे आणि दणदणीत गाणी. मोठ्या माणसांना हा थिल्लरपणा वाटतो. तुम्हाला नक्की आवडेल.

पूल ओलांडून पलीकडे गेलं की जुनी पेठ. घरं समोरून अगदी अरुंद, पण आत शिरावं तर खोलच खोल, मधे आपल्या वाड्यांसारखा उघडा चौक. ही बाबा-न्योन्या लोकांची घरं. फार पूर्वी आलेल्या चिनी व्यापाऱ्यांचे हे वंशज. सण चिनी, बोली मलय, आणि स्वयंपाक दोन्हींचा मिळून! इथे ‘चेंडोल’ खायला विसरू नका. तांदळाच्या हिरव्यागार शेवया, नारळाचं दूध, बर्फ आणि वरून माडाच्या गुळाचा पाक. या गुळाचं नावच ‘गुला मेलाका’. गोव्या-कोकणातल्या मुलांना ती चव परकी वाटायची नाही.

या पेठेतला एक रस्ता मला सगळ्या किल्ल्या-राजवाड्यांहून मोलाचा वाटतो. काही पावलांच्या अंतरावर तीन देवस्थानं. एक चेंग हून तेंग, सतराव्या शतकापासूनचं चिनी देऊळ. दुसरी १७४८ सालची कांपुंग क्लिंग मशीद. तिचं छप्पर तीन मजली उतरंडीचं आणि मिनार चिनी पॅगोड्यासारखा. आणि तिसरं, ओळखा पाहू कुणाचं? गणपतीचं! १७८१ सालचं हे देऊळ मलेशियातल्या सर्वांत जुन्या हिंदू देवळांपैकी एक. डचांनी दिलेल्या जागेवर ते तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलं.

त्या व्यापाऱ्यांच्या वंशजांना चिट्टी म्हणतात. वारा बदलायची वाट बघता बघता त्यांच्या पूर्वजांनी इथेच लग्नं केली आणि ते परत गेलेच नाहीत. हे लोक आजही हिंदू आहेत, पण घरात बोलतात मलय भाषा. बायका साडीऐवजी मलय पद्धतीचा सारोंग आणि केबाया नेसतात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपल्याकडे भोगी असते ना? त्या दिवशी चिट्टी घरांत केळीच्या पानांवर पूर्वजांसाठी जेवण वाढतात. देवीच्या रोगाशी जोडलेली त्यांची मारीअम्मनची जत्रा पाहिली तर आपली मरीआई आठवेल. चिट्टी आता थोडेच उरलेत. मुलं नोकरीसाठी मोठ्या शहरांत जातात. त्यांची छोटीशी वस्ती शहराच्या कडेला आहे. जाल तर तिथे आरडाओरडा करू नका, ते लोकांचं राहतं घर आहे, संग्रहालय नव्हे.

भाषेवरून आठवलं. मलय भाषा तुम्हाला निम्मीशी आधीच येते! भाषेला म्हणतात ‘बहासा’, भूमीला ‘बुमी’, सिंहाला ‘सिंगा’, गुरूला ‘गुरु’. आणि सगळ्यांत महत्त्वाचा शब्द, सुट्टी. तिला म्हणतात ‘चुती’! पोर्तुगीजांनी दोघांनाही दिलेले शब्द तर आणखी मजेदार. आपण म्हणतो लिलाव, ते म्हणतात ‘लेलोंग’. आपलं अननस, त्यांचं ‘नानास’. आपला पाद्री, त्यांचा ‘पादेरी’.

समुद्र गेला कुठे?

आता एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? अब्दुल्लाने तटाचे दगड समुद्रात पडलेले पाहिले. म्हणजे समुद्र किल्ल्याला लागूनच होता. आज दरवाजात उभं राहून बघाल तर समुद्र दिसतच नाही. दिसतात मॉल, हॉटेलं, गाड्यांचे तळ. समुद्र मागे सरला नाही, त्याला माती टाकून मागे सारलाय. जमीन हवी, इमारती हव्यात, म्हणून भराव घालत घालत किनारा लांब गेला. शहरासमोर अख्खी कृत्रिम बेटं तयार केलीत. त्यांतल्या एकाच्या काठावर २००६ साली बांधलेली खांबांवरची मशीद भरतीच्या वेळी पाण्यावर तरंगल्यासारखी दिसते. दिसायला सुंदर आहे, हे कबूल.

मलाक्काच्या लोकांनी काही वेळा ‘थांबा’ म्हटलंय. १९८४ साली बुकित चिना, म्हणजे चिनी टेकडी, सपाट करून तिथे इमारती उठवायचा बेत निघाला. या टेकडीवर बारा हजारांवर चिनी कबरी आहेत, चीनबाहेर इतकं मोठं आणि जुनं कबरस्तान क्वचितच असेल. लोक खवळले, देशभर ओरड झाली, बेत बारगळला. आज तिथे सकाळी लोक पळायला जातात. पुढे २००६ साली एका फिरत्या मनोऱ्याचा पाया खणताना जमिनीखालून चक्क जुन्या किल्ल्याचा बुरूज निघाला! मग मनोरा दुसरीकडे हलवला आणि बुरूज पुन्हा बांधून काढला. २००८ साली युनेस्कोने या शहराला जागतिक वारशाचा मान दिला. दगडांना आता कायद्याचं कवच आहे. समुद्राला मात्र असं कुणी वाली नाही.

त्याचा चटका कुणाला बसतो? शहराच्या पूर्वेला किनाऱ्यावर पोर्तुगीज वस्ती आहे. पोर्तुगीज शिपाई आणि स्थानिक बायका यांचे हे वंशज, स्वतःला क्रिस्तांग म्हणवतात. पोर्तुगालची सत्ता जाऊन पावणेचारशे वर्षं उलटली, तरी त्यांच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी जुन्या पोर्तुगीजची एक बोली अजून आहे. गोव्यात कार्निव्हालला ‘इंत्रूज’ म्हणतात, यांच्याकडे त्याच सुमाराला ‘इंत्रुदू’ असतो आणि एकमेकांवर पाणी उडवतात. जूनअखेर सेंट पीटरचा सण आला की होड्या रंगवून सजवतात, कारण सेंट पीटर हा कोळ्यांचा संत.

हे लोक पिढ्यान्‌पिढ्या उथळ पाण्यात शिरून हातजाळ्याने ‘गेरागाऊ’ धरत आले. गेरागाऊ म्हणजे काय? आपला जवळा! त्याला मीठ लावून मुरवून ‘चिंचालोक’ नावाचं तोंडीलावणं करतात. सगळ्या मलेशियात ते मलाक्काचं म्हणून ओळखलं जातं. पण जवळ्याला उथळ, मऊ चिखलाचा किनारा लागतो. भराव पडला की तोच जातो. वस्तीतले कोळी वर्षानुवर्षं सांगताहेत की जवळा पूर्वीसारखा मिळत नाही. मुंबईच्या कोळीवाड्यातल्या कुणा मित्राला विचारा, तो हीच तक्रार मराठीत सांगेल.

तरी वस्तीतली तरुण मंडळी त्या बोलीचे वर्ग घेताहेत, गाणी शिकवताहेत. संध्याकाळी किनाऱ्यालगतच्या खाणावळी उघडतात. तिथे ‘देबाल’ नावाची झणझणीत लाल आमटी मिळते. मोहरी आणि व्हिनेगर घातलेली, नाकाडोळ्यांतून पाणी काढणारी. एखाद्या आजीबाईंनी ती पानात वाढली, तर इंग्रजीत थँक्यू म्हणू नका. म्हणा, ‘मुतु मेर्सेह’. त्या आजी चमकून तुमच्याकडे बघतील आणि बहुतेक आणखी एक डाव वाढतील. पाणी जवळ घेऊन बसा!